१९८२ ची मर्सिडीज २४० डी विकायला आहे, घ्यावी का?

पराटीवाला
दारव्हा तालुक्यात एका वाड्यात १९८२ ची मर्सिडीज २४० डी, म्हणजे डब्ल्यू १२३ या जुन्या मॉडेल-मालिकेतली डिझेल गाडी, विकायला आहे. राइट-हँड, चार गिअर मॅन्युअल, पांढरी. आठ वर्षांपासून टिनाच्या शेडमध्ये उभी, खाली काळी माती, बाजूला ढेपीची पोती. बॅटरी नाही. आर.सी.ची मुदत २०१७ मध्ये संपली. मागणी ९ लाख. मालक म्हणतात, “इंजिन ओरिजिनल, बॅटरी लावा अन् सेल्फ मारा.” शनिवारी पाहायला जातो. काय पाहू? इकडचे मिस्त्री ट्रॅक्स अन् ट्रॅक्टरवाले, मर्सिडीज कोणी उघडलेली नाही.

जुनालोखंड
पहिले हे की सेल्फ मारू देऊ नका. कारण नोझलवाले सांगतील.

मिस्त्री ट्रॅक्सवाला असणे वाईट नाही, उलट बरे. २४० डीचे इंजिन ओएम ६१६. तेच इंजिन बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजच्या परवान्याखाली इथे बनवले आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्ये घातले. त्यामुळे ज्याने जुनी २४०० सीसीची ट्रॅक्स उघडली, त्याला हे हेड अनोळखी नाही. पिस्टन घेताना मात्र बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजा. १९७८ पर्यंत ९१.० मिमी होता, नंतर ९०.९ झाला, तुमच्या गाडीला ९०.९ चा लागेल. नव्या २.६ कॉमन रेल ट्रॅक्सचे सामान याला चालत नाही.

याचीच दुसरी बाजू अशी की मूळ इंजिन निकामी झाले की त्याजागी ट्रॅक्सचे बसवणे सोपे. म्हणून नंबर आधी. बॉनेट उघडून मागच्या पत्र्यावर कोरलेला चेसिस नंबर वाचा. २४० डी असेल तर त्यात १२३१२३ हे सहा आकडे पाहिजेत. १२३१२० दिसले तर ती २०० डी आहे, बॅज बदलला. या सहा आकड्यांनंतरचा आकडा राइट-हँडला २, लेफ्ट-हँडला १. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. तो मूळ असेल तर ६१६ ने सुरू होतो, ६१५ म्हणजे २०० डीचे इंजिन. दोन्ही नंबर आर.सी.शी अक्षर न् अक्षर जुळवा.

मग पत्रा. खरा पैसा इथेच जातो, इंजिनात नाही. बारीक चुंबक कापडात गुंडाळून न्या. जॅक लावायची चारही भोके, पुढच्या फेंडरांचा खालचा काठ, मागच्या चाकांच्या कमानी, बॅटरी ट्रेखालचा पत्रा, डिकीत स्टेपनीची खोली, मागच्या काचेच्या रबराखालची कड. चुंबक चिकटत नसेल तर आत पुट्टी. पायाखालचे मॅट उचलून फ्लोअर दाबून पाहा. सनरूफ असेल तर त्याच्या पाणी जायच्या नळ्या धुळीने बुजतात आणि पाणी थेट फ्लोअरमध्ये मुरते. काळी माती पावसाळाभर ओल धरून ठेवते, त्यामुळे तुमची गाडी वरून चकाचक आणि खालून सडलेली असू शकते. गाडीखाली झोपल्याशिवाय परतू नका. ढेपीजवळ उभी होती म्हणता, तर उंदरांनी वायरिंग कुरतडले का तेही पाहा.

नोझलवाला
सेल्फ का नाही ते सांगतो. इतकी वर्षे उभ्या गाडीत सिलिंडर कोरडे, टाकीत चिकट डिझेल आणि गाळ. तसेच फिरवले तर तो गाळ थेट डिझेलच्या पंपात जातो.

क्रम असा: टाकी पूर्ण रिकामी करा. टाकीच्या बुडात जाळी आहे, ती काढून धुवा. छोटा पारदर्शक फिल्टर आणि मोठा मुख्य फिल्टर दोन्ही नवे. नोझल, म्हणजे डिझेल फवारणारे भाग, काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. मग क्रँकच्या २७ च्या बोल्टवर पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे, पुढून पाहता घड्याळाच्या दिशेनेच. अडले तर थांबा, जोर लावू नका. नोझल बसवताना खालचे हीट शील्ड वॉशर नवेच टाका, जुने पुन्हा घातले की गळतात.

क्रँक मोकळा फिरला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. चांगल्या इंजिनाला २२ ते २४ बार, १५ च्या खाली गेले की इंजिन उघडायचे, आणि चारांतला फरक ३ बारपेक्षा जास्त नको. त्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करा: थंड इंजिनाला इनलेट ०.१० मिमी, एक्झॉस्ट ०.३०. टॅपेट घट्ट असतील तर आकडा खोटा कमी येतो आणि चांगले इंजिन उगाच खोलले जाते.

चालू झाल्यावर ऑइलचे झाकण उलटे करून भोकावर ठेवा. किंचित थरथरले तर ठीक, उडून पडले तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या बाजूने दाब खाली गळतो. किल्ली बंद करूनही इंजिन बंद झाले नाही तर घाबरू नका, हे व्हॅक्युमने, म्हणजे पंपाने हवा ओढून, बंद होते. इंजिनावरचा स्टॉपचा दांडा दाबा आणि व्हॅक्युमच्या नळ्या शोधा. दार-लॉक आणि ब्रेकचा बूस्टरही याच व्हॅक्युमवर. व्हॅक्युम पंपाचे बेअरिंग खडखडत असेल तर चालवू नका, त्याच्या गोळ्या टायमिंग चेनमध्ये पडतात.

वर्धारोड
रेडिएटरची वरची प्लास्टिकची मान, म्हणजे पाण्याचा पाइप बसतो ते तोंड, तपासा. उन्हाळ्यात ती तुटली की पाणी एका झटक्यात जाते आणि हेड वाकते. आपल्याकडचे ऊन धरता रेडिएटर जुना ठेवण्यात अर्थ नाही.

पासिंगवाला
गाडी चांगली असली तरी कागद तुम्हाला दमवतील. कोणी विंटेजमध्ये टाका म्हणेल, ते जमत नाही. २०२१ च्या नियमाने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे लागतात, म्हणजे २०३२ आधी नाही. शिवाय ती गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही.

साध्या नोंदणीत पहिली १५ वर्षे, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरणाचा फॉर्म २५. आयात चारचाकीचे नूतनीकरण २०२२ पासून ४० हजार, आणि २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांपुढच्या आयात गाडीला ८० हजार. वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, नावावर करायला २९ आणि ३०. जुने आर.सी. बुक ऑनलाइन दिसत नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंदणी संगणकावर चढवणे, करून घ्यावी लागते, आणि ती मालकानेच करून द्यावी. हा खर्च किमतीतून वजा धरा.

पराटीवाला
पाहून आलो. चेसिस नंबरमध्ये १२३१२३, पुढे २. आर.सी.शी जुळला. ब्लॉकवरचा नंबर ६१६ ने सुरू होत नाही, आर.सी.वर मात्र ६१६ आहे. मागची दोन जॅकची भोके पुट्टीची, फ्लोअर ठीक. क्रँक हाताने फिरला.

जुनालोखंड
म्हणजे इंजिन बदललेले आणि आर.सी.वर नोंद नाही. चालायला काही वाईट नाही, पण “ओरिजिनल” शब्द संपला आणि नऊ लाखही. मालकाला त्या इंजिनाचे खरेदी बिल शोधायला सांगा. बिल असेल तर इंजिन बदलाची नोंद, बॅकलॉग आणि नूतनीकरण मालकाने त्यांच्या नावावर करून द्यावे, आणि जॅकच्या भोकांचे पत्राकाम किमतीतून कमी. बिल नसेल तर नूतनीकरणाच्या तपासणीत नंबर जुळणार नाही आणि गाडी तिथेच अडेल. तोवर टोकनचा एक रुपयाही देऊ नका.

नोझलवाला
आणि तो जुना मूळ ब्लॉक कुठे पडला आहे ते विचारा. असे भाग बहुधा शेडच्याच कोपऱ्यात असतात. फुटलेला नसेल तर गाडीसोबत घ्या.