लग्न गोव्यात, माहेर सावंतवाडीत: घटस्फोटाला कायदा कुठला?

प्रश्न (सावंतवाडीहून)

माझं माहेर सावंतवाडी, सासर बार्देशातलं. २०१४ साली म्हापशात लग्न झालं. गेल्या गणपतीपासून मुलीला घेऊन माहेरी आहे. नवरा म्हणतो, "तू महाराष्ट्रातली, गोव्याचा कायदा तुला लागत नाही, हात हलवत जाशील." लग्नानंतर पुण्यात घेतलेला फ्लॅट एकट्या त्याच्या नावावर आहे. सावंतवाडी कोर्टात घटस्फोटाचा दावा लावता येईल का?

उत्तर (वेंगुर्ल्याहून)

ताई, आधी एक सांगा, दुसरी सही झाली होती का?

गोव्यात रजिस्ट्रारकडे पहिली सही करायची, मग नोटीस लागते, कुणाची हरकत आली नाही की दुसरी सही. मंडपात मंगळसूत्र घातलं तरी सरकारी वहीत लग्न लागतं ते या दुसऱ्या सहीने. मला हे ठाऊकच नव्हतं. सासरचे 'आज नको, उद्या जाऊ' करत राहिले. शेवटी माझे मामा एसटीने आले आणि आम्हा दोघांना समोर उभं करून सही करून घेतली. पुढे माझं सगळं त्या एका सहीवर उभं राहिलं.

ती झाली असेल तर घाबरू नका. १९५५चा हिंदू विवाह कायदा गोव्यात नाही. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा चालतो, घटस्फोटाचा तर १९१० सालचा. तेव्हा दावा गोव्यातच लावावा लागेल. माझाही तिकडेच चालला. तारखेला पहाटे निघायचं, लेकाला आईकडे ठेवून. दमवतं, पण त्याच कायद्याने मला माझा वाटा दिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, नाव कुणाचंही असो, निम्मी तुमची. कर्ज असेल तर तेही वाट्याला येतं, ते आधी विचारून घ्या.

पुण्याच्या फ्लॅटचं म्हणाल तर २०१९ साली सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या एका मालमत्तेवरून निकाल दिला, की गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही गोव्याचाच कायदा. खटला वारसाहक्काचा होता, तरी तुमच्या वकिलांपुढे तो ठेवाच.

पोटगीचा आणि घरगुती हिंसाचाराचा अर्ज मात्र सावंतवाडीतच करा. ते केंद्राचे कायदे आहेत, तुम्ही राहता तिथलं कोर्ट चालतं. मुलीच्या शाळेच्या फीच्या पावत्या जपून ठेवा.

उत्तर (गडहिंग्लजहून)

बेळगावात दिलेल्या मुलींनी हे वाचून गोंधळू नये. माझ्या बहिणीचं सासर तिकडचं. कर्नाटकातही हिंदू विवाह कायदाच आहे, आणि २००३च्या दुरुस्तीपासून बायको राहते तिथे तिला दावा लावता येतो. आमचं चुकलं ते वेळेत. नवऱ्याने बेळगावात आधी दावा लावला. तो इकडे आणायचा तर अर्ज थेट सुप्रीम कोर्टात, दोन राज्यांची हायकोर्टं वेगळी म्हणून.

सावंतवाडीहून

आईच्या ट्रंकेत लग्नाचा दाखला सापडला, साडीच्या घडीत. दुसरी सही २२ डिसेंबर २०१४ची आहे. करार काही केलेला नाही. सोमवारी म्हापशाला वकिलांकडे जाते, पावत्या बरोबर घेते.