इंग्लंडमध्ये एलएल.एम. : विमानभाडं देणारी शिष्यवृत्ती आहे का?

मिरज_जंक्शन
सांगलीत बी.ए. एलएल.बी.चं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढच्या सप्टेंबरला इंग्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएल.एम. करायचंय. फीसाठी बँकेचं कर्ज काढता येईल, पण जाण्यायेण्याचं भाडं आणि व्हिसाचा खर्च कोण देतं? अनुसूचित जाती, घरचं उत्पन्न सहा लाखांच्या आत. चेवनिंगला (ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती) आत्ताच अर्ज करू का?

अजिंक्यतारा_वकील
चेवनिंग सध्या सोडा. जाण्यायेण्याचं विमानभाडं देतात, पण २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागतात, म्हणजे साधारण दोन वर्षं.

नुसतं तिकीट देणाऱ्या योजना शोधण्यात वेळ घालवू नका, भाडं बहुधा मोठ्या शिष्यवृत्तीच्या पोटातच असतं. तुमच्यासाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप सरळ आहे. १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. पदवीला ६० टक्के, वय ३५च्या आत, उत्पन्नमर्यादा ८ लाख. फी, इकॉनॉमी वर्गाचं विमानभाडं, व्हिसा फी, आरोग्यविमा आणि इंग्लंडसाठी वर्षाला ९,९०० पौंड निर्वाहभत्ता. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही बघा, तिची जाहिरात पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडून निघते.

खुल्या गटातले कुणी वाचत असतील तर जे. एन. टाटा एंडोमेंट आणि के. सी. महिंद्रा. दोन्ही शिष्यवृत्त्या कर्जरूपी, परतफेड धरूनच हिशेब मांडा.

कृष्णाकाठ
पैशांआधी कागद अडतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत सेतूतून काढून निर्धास्त बसलात तर जाहिरात येईस्तोवर तो शिळा. जात पडताळणी झाली नसेल तर आजच अर्ज करा. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) कोल्हापूरहून, शिवाजी विद्यापीठातून आणायचं, तेही शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आणि नाव! गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुमचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव गळालेलं असतं, नाहीतर स्पेलिंग वेगळं. ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. तिकीट आणि व्हिसाचा अर्ज मात्र पासपोर्टवरच्या नावानेच, अक्षराचाही फरक नको.

अजिंक्यतारा_वकील
व्हिसासाठी फी आणि निर्वाहाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस पडून हवी. एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पैसे तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात असावेत. आईवडिलांचे असतील तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडा. मामाच्या खात्यातले चालत नाहीत, पतसंस्थेतल्या ठेवीवरही विसंबू नका. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र असेल तर त्या रकमेला २८ दिवसांची अट नाही. सरकारी शिष्यवृत्ती फी आणि निर्वाह पूर्ण उचलत असेल तर तिचं पत्रच पुरतं.

मिरज_जंक्शन
कळलं. तिकीट आत्ता स्वस्त दिसतंय, काढून ठेवू?

कृष्णाकाठ
नको. शिष्यवृत्तीचं मंजुरीपत्र आणि व्हिसा हातात येऊ द्या. भाडं जवळच्या मार्गाचं धरतात, मैत्रिणीकडे दुबईत दोन दिवस थांबलात तर तो फरक तुमच्या खिशातून. बोर्डिंग पास उतरल्यावर विमानतळाच्या कचराकुंडीत टाकू नका, खर्चाचा पुरावा म्हणून तिकिटासोबत जपून ठेवा.