मळमळीवर लिंबाचं तेल: गुण तेलाचा की मनाचा?

संत्रानगरीची सून: गरोदरपणाचा आठवा आठवडा चालू आहे. शेजारी पोह्यांची फोडणी पडली की मी बेसिनकडे पळते. बहिणीनं लिंबाच्या तेलाची बाटली आणून दिली. रुमालावर दोन थेंब टाकून हुंगलं की पाच-दहा मिनिटं बरं वाटतं. वासानंच ओकारी येते, तर वासानंच ती थांबायला काय हरकत? सासूबाई म्हणतात, थोतांड आहे सगळं.

बर्डीकर: मी सासूबाईंच्या पार्टीत. साडेचारशेची बाटली कायले घ्यायची? कॉटन मार्केटात लिंबं मिळत नाहीत का?

औषधवाला, इतवारी: थोतांड नका म्हणू. २०१४ साली इराणमधला एक प्रयोग छापून आला. १०० गर्भवतींपैकी काहींना लिंबाचं तेल हुंगायला दिलं, बाकीच्यांना साधं बदामाचं. चार दिवसांत लिंबूवाल्यांची मळमळ जास्त उतरली. पण नाकाला फसवणार कसं? आपल्या वाट्याला लिंबू आलं की नाही, हे बाईला पहिल्याच श्वासात कळतं. मग गुण तेलाचा की मनाचा, सांगा. आणि हो, काउंटरवर रोज कोणीतरी विचारतं म्हणून सांगतो: हे तेल पाण्यात टाकून प्यायचं नसतं.

दोन लेकरांची माय: मनाचा तर मनाचा! पहिल्या तीन महिन्यांत गोळ्या खाण्यापेक्षा बरंच ना बाप्पा.

धरमपेठकर: ताई, याच बोलण्यापायी मी फसले. डॉक्टरांनी मळमळीवर डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्वाची गोळी लिहून दिली होती. ही जोडी गरोदरपणात कितीतरी वर्षांपासून देतात. मी ती डब्यात ठेवली आणि तेल हुंगत बसले. चार किलो वजन उतरलं, घोटभर पाणी पोटात ठरेना, लघवीत कीटोन निघाले, म्हणजे अंगाला अन्न पुरत नसल्याची खूण. दोन दिवस सलाईनवर होते. बाटली तेव्हाही उशाशीच होती.

दोन लेकरांची माय: तुमचं जास्तीचं होतं. सगळ्यांचं तसं नसते.

धरमपेठकर: नसतंच. पण जास्तीचं झालं हे कळेपर्यंत मी तीन आठवडे घालवले, ते तेलाच्या भरवशावर.

वाळ्याची वैरीण: मला मे महिन्यात दिवस गेलेले. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, पाणी सोडलं, घर खूश होऊन राहिलं, आणि मी त्याच वासानं ओकून राहिली! पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद करून झोपले. एकीचं औषध ते दुसरीचं ओकणं, म्हणून सरसकट सल्ला देऊ नका.

औषधवाला, इतवारी: हे पटलं. बाकी बर्डीकरांचंही खरं आहे. लिंबू काय, संत्रं काय, दोघांच्या सालीतल्या तेलात मुख्य ऐवज लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्यच.

संत्रानगरीची सून: गोळीचं उद्या डॉक्टरबाईंना विचारते. सध्या आंबिया बहाराची संत्री घरात पडलीच आहेत. हे सगळं वाचून दाखवलं, तर सासूबाईंनी एक साल आणून माझ्या नाकाशी पिळली. म्हटलं, आता हे थोतांड नाही का? म्हणतात, "हे संत्रं आहे."