पदक आणलं म्हणून आरोपीसोबत फोटो काढायचे?

लाल_माती
काल इथे एकाने लिहिलं, "ज्याने देशाला दोन ऑलिंपिक पदकं दिली त्याला वर्षानुवर्षं तुरुंगात कुजवताय. खेळाडूला थोडी सवलत दिली तर काय बिघडतं?" खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सुशील कुमारच्या पदकांचं मोल मला कुणी समजावू नये. आमच्या घरातले तीन पिढ्यांचे लोक तालमीत घुमलेत. २००८ ला बीजिंगमध्ये त्याने कांस्य घेतलं तेव्हा १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर ५६ वर्षांनी कुस्तीत ऑलिंपिक पदक आलं होतं. वस्तादांनी आखाड्यातच पेढे वाटले. २०१२ ला लंडनचं रौप्य आलं तेव्हा तर मिरवणूकच निघाली.

पण ४ मे २०२१ च्या रात्री दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर सागर धनखड मारहाणीत गेला, तोही पैलवानच होता. ज्युनियर गटातला राष्ट्रीय विजेता. त्याच्या नावाने इथे एक ओळ कुणी लिहिली? त्याच्या खुनाचा आरोप असलेल्या सुशीलला त्याच वर्षी जूनमध्ये मंडोली तुरुंगातून तिहारला हलवताना बंदोबस्ताच्या पोलिसांनी त्याच्याबरोबर हसत फोटो काढून घेतले. ते फोटो देशाने पाहिले, सागरच्या आईवडिलांनीही पाहिले असतील. आपल्या तुरुंगांत दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. त्यातल्या कुणाच्या खांद्यावर पोलीस असा हात टाकतात?

पुढे मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला. सागरच्या वडिलांना तो रद्द करून घ्यायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, ऑगस्टमध्ये तो रद्द झाला. आरोपीचं वजन आणि साक्षीदारांचं फिरणं, दोन्ही तिथे निघालं. गुन्हा सिद्ध होईल की नाही ते कोर्ट ठरवेल. मी निकालाबद्दल बोलतच नाही. नावाचं वजन पडतं ते निकालाच्या आधी, साक्षीदाराच्या घरी आणि पोलीस ठाण्याच्या टेबलावर.

फौजदारी_वकील
दादा, तळमळ पोचली, पण उदाहरण नेमकं उलटं निवडलंत. या माणसाला कोणती सवलत मिळाली? पोलिसांनी त्याच्यावर एक लाखाचं इनाम लावलं. १८ दिवस फरार होता, २३ मे ला उचलला. रेल्वेने निलंबित केलं. तुरुंगात प्रोटीनची पावडर आणि वेगळा आहार मागितला, कोर्टाने सरळ नाही म्हटलं. पुढची जवळपास साडेतीन वर्षं मधले तात्पुरते जामीन सोडले तर तो आतच होता. फिर्यादी पक्षाने २०० हून अधिक साक्षीदार दाखवले आणि त्यातले थोडेच तपासून झाले होते. अशा परिस्थितीत जामीन मागणं हा हक्क आहे, मग आरोपी पैलवान असो की हमाल. कच्च्या कैद्यांचा आकडा तुम्हीच दिलात. त्यावरून सगळ्यांना लवकर जामीन मिळावा असं निघतं. सुशीलला मिळू नये असं कसं निघतं?

आणि प्रसिद्धीने नुकसानच कसं होतं ते पाहायचं असेल तर पिंकी प्रामाणिक आठवा. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये रिलेचं सुवर्ण आणलेली मुलगी. २०१२ मध्ये तिच्यावर बलात्काराचा आरोप झाला, पुरुष पोलिसांनी धरून नेलं, तपासणीची चित्रफीत गावभर फिरली. २०१४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिला मोकळं केलं. ती ॲथलीट नसती तर कॅमेरे तिच्या दारात आले असते का? त्या काळात या विषयावर कुणी धागा काढला नाही, याचा मला आजही संताप येतो.

धोबीपछाड
वकीलसाहेब, पिंकीचं शंभर टक्के मान्य. पण ती गरीब घरची मुलगी, तिच्यामागे कोण होतं? खरा स्टार बघा. नवज्योत सिद्धू. २७ डिसेंबर १९८८, पतियाळा, रस्त्यावरच्या भांडणात गुरनाम सिंग नावाचे वयस्कर गृहस्थ गेले. त्यानंतर हा माणूस १९९६ चा विश्वचषक खेळला. १९९९ ला निर्दोष सुटला. २००६ ला उच्च न्यायालयाने ३ वर्षं सुनावली, तर पुढच्याच महिन्यात दोषसिद्धीला स्थगिती मिळून अमृतसरची पोटनिवडणूक लढवायला मोकळा. २०१८ ला दंड किती? १००० रुपये! माझ्या गाडीला नो पार्किंगमधून टो करून नेलं तेव्हा मला त्याहून जास्त भरावे लागले होते. १ वर्षाची शिक्षा झाली ती मे २०२२ मध्ये. ३४ वर्षं लागली.

फौजदारी_वकील
३४ वर्षं लागली हे लाजिरवाणं आहे. पण आपल्याकडे शेताच्या बांधाचे दावेही तेवढेच चालतात, ते भोगणारे शेतकरी काही स्टार नसतात. आणि २०२२ चा निकाल वाचा. बॉक्सर, पैलवान, क्रिकेटपटू किंवा अंगात ताकद असलेल्या माणसाचा नुसता हातही हत्यार ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय. म्हणजे खेळाडू असणं शेवटी त्याच्या विरोधातच गेलं. दंड विधानाच्या कलम ३२३ खाली, म्हणजे इजा केल्याबद्दल, जास्तीत जास्त जेवढी शिक्षा देता येत होती, तेवढी दिली.

सह्याद्रीची_लेक
तुम्ही सगळे पुरुष मंडळी पदकावर भांडताय. सवलत पदकाला मिळत नाही, खुर्चीला मिळते! २०२३ चं जंतरमंतरवरचं पैलवानांचं आंदोलन विसरलात का? विनेश, साक्षी, बजरंग ही पदकं आणणारी माणसं. त्यांनी कुस्ती महासंघाच्या अध्यक्षावर, खासदार ब्रिजभूषण सिंहवर लैंगिक छळाचे आरोप केले. गुन्हा नोंदवून घ्यायला एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठे दोन एफआयआर झाले. ब्रिजभूषणनी आरोप नाकारलेत, अल्पवयीन मुलीचं प्रकरण २०२५ मध्ये बंद झालं, तेही सांगते. पण अटक एक दिवसही झाली नाही. आणि २८ मे ला रस्त्यावरून फरपटत कुणाला नेलं? ऑलिंपिक पदकविजेत्यांना! ज्या दिल्लीत पोलीस सुशीलसोबत फोटो काढतात, त्याच दिल्लीत पोलिसांनी साक्षी मलिकला हातपाय धरून गाडीत टाकलं. आता सांगा, पदकाची कुठे किंमत झाली?

माझी भाची राज्य पातळीवर खेळते. त्या वर्षी तिने शिबिराला जायला नकार दिला. "मावशी, तिथे काही झालं तर माझं कोण ऐकेल?" असं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लाल_माती
ताई, हे मात्र मला खोडता येत नाही. पण छत्रसालवर सुशीलकडे पदक आणि खुर्ची दोन्ही होतं. तो तिथे सरकारी अधिकारी होता आणि गुरू-सासरे सतपालजींचा तोच आखाडा. म्हणूनच तर साक्षीदार कोणत्या पोरांमधून येणार हा प्रश्न येतो.

रेल्वे_क्वार्टर
सगळे एक गोष्ट सोयीस्कर विसरताय. सुशीलला सवलतींची सवय २०१६ मध्येच लागली होती. आपल्या नरसिंग यादवने लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन रिओ ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे त्या वजनगटातली जागा, मिळवला. सुशील दुखापतीमुळे त्या स्पर्धेत नव्हता. मग एकदम ट्रायल, म्हणजे निवडीची कुस्ती, पाहिजे म्हणून कोर्टात! घाम नरसिंगचा आणि तिकीट याचं?

धोबीपछाड
कोटा देशाचा असतो, पैलवानाचा नाही. हा नियमच आहे. दोन ऑलिंपिक पदकं असलेला माणूस एक कुस्ती लावा म्हणाला तर त्यात कसली सवलत? नरसिंगला भीती कसली होती?

रेल्वे_क्वार्टर
भीती?? तीन वेळा सलग महाराष्ट्र केसरी झालेल्या माणसाला भीती? २०११, १२, १३. तुमचा सुशील ७४ किलोत २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेनंतर कुठे लढला ते सांगा. दिल्ली उच्च न्यायालयानेही जून २०१६ मध्ये त्याची याचिका फेटाळली. आणि त्याच महिन्यात घेतलेल्या नरसिंगच्या नमुन्यात उत्तेजक सापडलं. किती योगायोग!

फौजदारी_वकील
जपून लिहा. जेवणात कुणी काही मिसळलं हे कुठेही सिद्ध झालेलं नाही. नाडाने, म्हणजे देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेने, नरसिंगला सोडलं होतं, पण वाडा ही जागतिक संस्था अपिलात गेली आणि १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने घातपाताची कहाणी नाकारून ४ वर्षांची बंदी घातली. तुम्ही नाव न घेता एका माणसावर आरोप करताय आणि वर पुन्हा न्यायाच्या गोष्टी करताय.

रेल्वे_क्वार्टर
मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. पण रिओच्या ऑलिंपिक गावात पोचलेल्या पोराला कुस्ती न लढता परत यावं लागलं, याचं तुम्हाला काहीच वाटत नाही? दिल्लीवाल्यांनी महाराष्ट्राच्या पैलवानाला कधी आपलं मानलं? खाशाबांपासून हेच चाललंय. हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं त्यांनी, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला २००० मध्ये, मरणानंतर १६ वर्षांनी. पद्म तर नाहीच.

सह्याद्रीची_लेक
खाशाबांचा इथे काय संबंध? धागा खुनाच्या आरोपावर आहे. सागरचं नाव पुन्हा मागे पडलं, हे तुमच्या लक्षात येतंय का?

रेल्वे_क्वार्टर
संबंध आहे ताई. कुणाला मान द्यायचा आणि कुणाला नाही हे जिथे ठरतं, तिथेच कुणाला वाचवायचं हेही ठरतं.

धोबीपछाड
आणि आमचे नरसिंगही बनारसकडचेच बरं का मूळचे. एरवी मुंबईत परप्रांतीय म्हणून हाकलायचं आणि केसरी झाला की "आपला". हा दुटप्पीपणा आधी सोडा.

रेल्वे_क्वार्टर
मुंबईत वाढला, महाराष्ट्राकडून लढला, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी झाला. मी कुणाला कधी हाकललेलं नाही. माझ्या तोंडी वाक्यं घालू नका, नाहीतर इथेच थांबतो.

लाल_माती
दोघंही जरा दमाने घ्या. मला माझ्या गावचं सांगू द्या, नाव कुणाचंच घेत नाही.

जत्रेच्या फडात नावाजलेल्या एका पैलवानाचा पंचाशी वाद झाला. हलगी वाजवणारा पोरगा मध्ये आला, तर त्याचा हात मोडला. फड भरलेला, शेकडो माणसांनी बघितलं. पोलीस ठाण्यात गेल्यावर नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली आणि पोराच्या बापाला समजावलं, "पैलवान उद्या जिल्ह्याचं नाव काढणार आहे, त्याची नोकरी जाईल, तुम्ही मोठ्या मनाने घ्या." बापाने अंगठा दिला. त्यात माझे चुलतेही समजावणाऱ्यांमध्ये होते, चांगल्या मनाने. तालमीचं भलं व्हावं म्हणून. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी धमकी दिली नाही. वकीलसाहेब, ही सवलत तुमच्या कुठल्या कागदावर दिसेल? त्या पोराचा गुन्हाच नोंदला गेला नाही.

धोबीपछाड
मग माझंही ऐका. मी तालमीत होतो, कान मोडलेले, मान जाड. विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांची मारामारी झाली. मी रस्त्याच्या पलीकडे भावाच्या पोरीला खांद्यावर घेऊन उभा. दुसऱ्या दिवशी पोलीस आले ते थेट तालमीत. "पैलवान आहात म्हणजे तुम्हीच असणार." रात्रभर बसवून ठेवलं. कॉलेजची पोरं हॉकी स्टिक घेऊन पळाली, त्यांना कुणी विचारलं नाही. खेळाडूला सवलत मिळते म्हणता, अहो, खेळाडूंत नाव असलेले किती? पंचवीस तालमींमागे एक. बाकीच्यांना ताकद आहे म्हणून आधी उचलतात.

फौजदारी_वकील
हेच मी क्रिकेटबद्दल सांगतो. २०१३ च्या स्पॉट फिक्सिंगमध्ये श्रीसंत, मुंबईचा अंकित चव्हाण आणि अजित चंडिला यांना दिल्ली पोलिसांनी मोक्का लावला. मोक्का, जो टोळ्यांसाठी आहे! २०१५ मध्ये कोर्टाने आरोपच ठेवले नाहीत. पण तोवर खेळायची वर्षं गेली, मंडळाची बंदी तर त्यानंतरही कायम राहिली. या पोरांच्या वाट्याला कोणती सवलत आली?

लाल माती, तुमच्या हलगीवाल्याबद्दल एवढं मान्य करतो की जे नोंदलंच जात नाही ते माझ्यासारख्याला दिसत नाही. कोर्टात येतं त्यावरच मी बोलतो. पण त्यावरून खेळाडूंवर जास्त कडक व्हा असं म्हणाल तर पिंकी आणि अंकित पुन्हा होतील.

लाल_माती
जास्त कडक व्हा असं मी कुठे म्हटलं? पोलिसाने आरोपीसोबत फोटो काढू नये आणि साक्षीदाराला त्याच आखाड्यात झोपायला लावू नये, एवढंच म्हणतोय. यात कुणाची पदकं जात नाहीत.

सह्याद्रीची_लेक
साक्षीदार संरक्षणाची योजना २०१८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केली आहे. वकीलसाहेब, खरं सांगा, तुमच्या जिल्ह्यात त्या योजनेखाली कुणाला संरक्षण मिळालेलं पाहिलंत?

फौजदारी_वकील
अर्ज केलेले पाहिलेत. मंजूर झालेले फारच थोडे. दोनदा मी स्वतः अर्ज लिहून दिले, एका बाईचा आला तोवर तिची साक्ष होऊन गेली होती. या मुद्द्यावर तुमच्याशी भांडणार नाही.

रेल्वे_क्वार्टर
ट्रायलचं उत्तर मात्र धोबीपछाडने अजून दिलेलं नाही. ग्लासगोनंतर रिओपर्यंत सुशील ७४ किलोत कुठे लढला? स्पर्धेचं नाव लिहा, मी वाट बघतोय.