ड्रेन नटचे आटे आपोआप जात नाहीत

कऱ्हाकाठ : "अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीचं नुकसान होत नाही, गाडी जुनी झाली की लोक खर्च डीलरच्या माथी मारतात," असं विश्रामबागवाला यांनी काल ठणकावून लिहिलं. वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या भावाने पुण्यातल्या एका अधिकृत वर्कशॉपमध्ये ऑइल बदलून घेतलं आणि त्याच आठवड्यात खंबाटकी चढताना ऑइलचा लाल दिवा लागला. त्याने लगेच इंजिन बंद केलं. खाली वाकून बघितलं तर इंजिनखालचं गार्ड ऑइलने निथळत होतं. टोचन करून शिरवळला आणली. तिथल्या मिस्त्रीने ड्रेन नट, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या भोकाचा नट, बोटांनी गरगर फिरवून दाखवला. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर ॲल्युमिनियमचं, नट पोलादी. नट आवळायची मशीन गन लावून आवळला की आटे चेंबरचेच जाणार. बऱ्याच छोट्या गाड्यांना हा नट ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो आणि वॉशर दर वेळी नवा घालायचा असतो. इथे जुनाच होता, पण बिलात नव्या वॉशरचे पैसे लावलेले. हे गाडीचं वय नाही, हा हलगर्जीपणा आहे.

विश्रामबागवाला : आटे याच वेळी गेले कशावरून? आधी बाहेर कुठे ऑइल बदललं असेल. माझी गाडी नवी घेतल्यापासून एकाच डीलरकडे जाते, एक थेंब गळला नाही. आणि ऑइल कमी झालेलं घाट चढेपर्यंत कळलं नाही? ऑइलची पातळी बघायची काडी कोण तपासणार?

कऱ्हाकाठ : गाडी घेतल्यापासून सगळी जॉब कार्डं त्याच वर्कशॉपची आहेत. दुसरा हात लागलेलाच नाही. आणि तो लाल दिवा ऑइलची पातळी नाही, दाब दाखवतो. तो लागेपर्यंत बेअरिंग कोरडी पडायला लागलेली असतात. सर्व्हिसहून आणलेल्या गाडीची काडी चार दिवसांत तपासायची असेल तर सर्व्हिसला पैसे कशाचे दिले?

इंजिनबे : नटाचं सोडा, आधी ते प्रेशरने इंजिन धुणं बंद करा. आमच्या गाडीच्या स्पार्क देणाऱ्या कॉइलमध्ये पाणी गेलं, एक सिलिंडर मिस व्हायला लागला. नको म्हणून जॉब कार्डावर लिहून दिलं होतं, तरी धुतलं!

रॅम्पखालचा : मी सात वर्षं वर्कशॉपमध्ये काम केलंय. टॉर्क पाना, म्हणजे मोजून आवळायचा पाना, मॅनेजरच्या कपाटात कुलपात, हातात गन. शनिवारी रॅम्पवर एक गाडी, खाली चार गाड्या वाट बघत. आयटीआयचं पोरगं शिकाऊ पगारावर, त्याला "दोन तासांत गाडी द्या" म्हणणारे तुम्हीच. ॲडव्हायझरला टार्गेट इंजिन फ्लशचं, एसी क्लीनिंगचं. नट नीट आवळल्याबद्दल कुणालाही इन्सेंटिव्ह मिळत नाही. पोरांना शिव्या देऊ नका.

विश्रामबागवाला : म्हणजे चूक होते हे तुम्हीच कबूल करताय. मग पोरगं जबाबदार नाही, तर कोण?

रॅम्पखालचा : मालक! घंट्याला किती गाड्या काढायच्या ते पोरगं ठरवत नाही. आटे गेले की नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळून गाडी द्यायला मला सांगितलं होतं. मी नकार दिला तर वॉशिंगला पाठवलं. एसी ऑफिसात बसून "काडी कोण तपासणार" विचारणं सोपं आहे.

विश्रामबागवाला : वैयक्तिक होऊ नका. मी कुठे काम करतो ते तुम्हाला माहीत नाही.

घाटपायथा : रॅम्पखालचा यांचं पटतं. पण पगार कमी म्हणून माझं इंजिन जाऊ द्यायचं का? मी तर बाहेरच्या गॅरेजलाच जातो. तिथे मिस्त्री समोर काम करतो.

विश्रामबागवाला : आणि वॉरंटी घालवून बसतो.

कऱ्हाकाठ : ही भीती घालूनच धंदा चालतो. स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोकला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या सदोष कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा, असंही त्या आदेशात आहे.

रॅम्पखालचा : कागदावर. काउंटरवर हे बोलून बघा. कंपन्या वरच्या कोर्टात गेल्या, पुस्तिकेत अट तशीच.

घाटपायथा : पण लिहून मागा की. "बाहेर ऑइल बदललं म्हणून क्लेम नाकारतोय" असं लेखी द्या म्हटल्यावर आमच्याकडच्या मॅनेजरचा सूर बदलला होता.

विश्रामबागवाला : ठीक आहे. जुन्या वॉशरला नव्याचं बिल लावलं असेल तर ती लबाडी आहे, तेवढं मान्य. पण त्यावरून सगळे डीलर चोर ठरत नाहीत.

कऱ्हाकाठ : सगळे चोर असं मी म्हटलंच नाही. नुकसान केलं तर भरून द्या, एवढंच म्हणणं आहे. शिरवळच्या मिस्त्रीकडून लेखी घेतलंय, नटाचे आणि चेंबरचे फोटो आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. डीलर हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांच्या आतल्या प्रकरणाला फी नाही.

इंजिनबे : इंजिन धुतल्याचंही घालता येतं का त्यात?

कऱ्हाकाठ : तुम्ही "धुऊ नका" लिहिलेलं जॉब कार्ड जपून ठेवलंय ना? मग घाला.