ब्रेनफकमध्ये ‘इंदूर’ छापणारा प्रोग्रॅम आणखी लहान कसा करावा?

प्रश्न
इंदुरातील आमच्या गणेशोत्सवात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी, अवघ्या आठ आज्ञांच्या ब्रेनफक या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘इंदूर’ हा शब्द छापणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. तो चालतो, परंतु प्रत्येक बाइटसाठी (० ते २५५ मधील एका संख्येसाठी) शून्यापासून वेगळे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, लिहिल्यामुळे त्याची लांबी साडेपाचशे चिन्हांवर गेली असून तो फळ्यावर मावत नाही. तो दोनशेच्या आत आणता येईल का?

उत्तर १
निश्चित येईल. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते, आणि इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार व र अशी पाच चिन्हे असल्यामुळे आपल्याला १५ बाइट छापावे लागतात. मात्र पहिला बाइट सर्वत्र २२४ आहे, आणि दुसरा उकाराचा १६५ सोडला तर १६४ आहे. ही दोन घरे (संख्या साठवण्याच्या जागा) एकदा भरली की पुन्हा भरावी लागत नाहीत. तिसरे बाइट अनुक्रमे १३५, १३०, १६६, १३० आणि १७६ आहेत. अनुस्वार आणि दीर्घ उकार या दोघांचा तिसरा बाइट १३० निघावा, हे मला फार सुंदर वाटते; हिंदी पाट्यांप्रमाणे ‘इंदौर’ लिहिले असते तर उकाराच्या जागी १४० घडवावा लागला असता.

उत्तर २
वरील सूचनेला एक जोड देतो. आठ बिटांच्या, म्हणजे एका बाइटाच्या, घरात शून्यातून एक वजा केल्यास २५५ येतात; म्हणून २२४ साठी आठ फेऱ्यांच्या लूपमध्ये २८ वेळा अधिक लिहिण्याऐवजी चार वेळा उणे लिहिले तरी पुरते. फेऱ्या मोजणारे घर सोडून तिसऱ्या घरात १३५ व १३०, चौथ्यात १६६ व १७६ ठेवून मी असे लिहिले:

++++++++[>---->------------>--------------->-----------<<<<-]
>.>++++.>-.
<<.>.>-----.
<<.>.>>--.
<<<.>+.>.
<<.>-.>>++++++++++.

एकूण १२२ चिन्हे होतात. पहिल्या ओळीनंतरची प्रत्येक ओळ देवनागरीचे एक चिन्ह छापते, त्यामुळे विद्यार्थ्यांना ती बोट ठेवून समजावता येईल.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. ब्राउझरमधील एका इंटरप्रिटरवर (प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनावर) मात्र देवनागरीऐवजी, डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ने सुरू होणारी भलतीच अक्षरे येत आहेत.

उत्तर २
तो इंटरप्रिटर प्रत्येक संख्येला स्वतंत्र अक्षर मानतो, आणि २२४ क्रमांकाचे अक्षर तेच आहे. जो इंटरप्रिटर बाइट जसेच्या तसे टर्मिनलवर पाठवतो, तो वापरावा.