फेरपरीक्षेत ७१ मिळाले, निकालात ४०. हा न्याय आहे का?

उंबरठा: भाची इंग्लंडमध्ये शिकते. शेवटच्या वर्षी एका विषयात ३४ वर गडगडली. ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा दिली, ७१ पडले. निकालात मात्र ४०, कारण फेरपरीक्षेत कितीही मिळवा, पास होण्यापुरतेच गुण धरतात. विषय २० क्रेडिटचा, वर्ष १२० क्रेडिटचं, आणि तिच्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाचा वाटा दोन तृतीयांश. म्हणजे अख्ख्या पदवीचा नववा हिस्सा या एका विषयाचा! ७१ धरले असते तर सरासरी ६२.५ झाली असती, आता ५९.१. साठला टू-वन, म्हणजे वरचा द्वितीय वर्ग मिळतो, तिच्या हातात टू-टू, म्हणजे खालचा. हेच पहिल्या वर्षी घडलं असतं तर? ते वर्ष बहुतेक ठिकाणी वर्गवारीत धरतच नाहीत. चूक तीच, शिक्षा मात्र कोणत्या वर्षी झाली त्यावर.

रोखठोक: सहमत नाही. पहिल्या फटक्यात ५५ मिळवणाऱ्याने कुणाचं घोडं मारलंय? तो पास झाला, म्हणून त्याला ५५ चे ६५ करायची संधीच नाही. तुमच्या भाचीला अख्खा उन्हाळा मिळाला, वर पेपर कसा येतो तेही कळलेलं. मर्यादा काढली तर मुलं मुद्दाम नापास होतील.

उंबरठा: मुद्दाम? पदवी लांबते, हातातली नोकरी अधांतरी लटकते. कोण करेल असं?

रोखठोक: दोन पेपर एकदम झेपेनात की एक उन्हाळ्यावर ढकलणारे मी पाहिलेत. तेही मर्यादा असताना.

शाईचा डाग: परीक्षेच्या वेळी ती आजारी होती का? आजारपण, घरातला मृत्यू अशा कारणांचा पुरावा वेळेत दिला आणि तो मान्य झाला, तर फेरपरीक्षा हाच पहिला प्रयत्न धरतात. मग ४० ची अट लागत नाही. निकालानंतर गेलात तर 'आधी का नाही सांगितलं' याचंही सबळ कारण द्यावं लागतं.

उंबरठा: ताप होता. 'निभावेल' म्हणाली आणि जाऊन बसली.

रोखठोक: मग नियमाला कशाला बोल लावता?

उंबरठा: कारण असा अर्ज असतो हे ठाऊक असणं ही वेगळीच परीक्षा झाली. ज्यांच्या घरात आधी कुणी तिथे शिकलंय, त्यांना ते सांगायला माणूस असतो. आमच्याकडे कोण होतं?

शाईचा डाग: हे पटलं.

रोखठोक: मला अर्धंच. पत्रकं सगळ्यांनाच येतात, वाचत कुणी नाही.

बेरीज-वजाबाकी: भांडा निवांत, पण आधी विद्यापीठाची नियमावली उघडा. काही ठिकाणी सरासरी सीमारेषेच्या दोन गुणांच्या आत असेल आणि निदान निम्मे क्रेडिट वरच्या वर्गातले असतील, तर वर्ग चढवतात. ५९.१ त्यात बसू शकतं. 'परीक्षकाने कमी गुण दिले' असं अपील मात्र करू नका, गुणदानावर ते चालत नाही.

उंबरठा: आत्ताच मोजले. शेवटच्या वर्षातले ८० क्रेडिट साठच्या वर आहेत. दुसऱ्या वर्षाचे तिला विचारतो.